वाळवीच्या जागा

सहा हजार दोनशे चौदा पानं.
चोडणच्या कोमुनिदादीच्या बैठका, हजेऱ्या, मानशीचे लिलाव,
बरंचसं पोर्तुगीजमध्ये, मध्येच मोडी,
आणि एका कारकुनाचं असं तिरकं अक्षर
की ते त्याला स्वतःलाही लागत नसावं.

गुणो कारापूरकरांनी पेन ड्राइव्ह हातावर ठेवला
तेव्हा त्यांच्या नखांत खाजनाचा चिखल होता.
"बांध कोणी राखायचा, एवढंच काढून दे.
सोमवारी मामलेदारापुढं उभं राहायचंय."
एवढंच.

रायबंदरला फेरीत चढताना पानं यंत्राला दिली.
बाजूला एकीच्या टोपलीत तिसऱ्या, अजून पाणी सोडणाऱ्या.
फेरी पलीकडे टेकायच्या आत सारांश हजर:

बांध एकेचाळीस वेळा फुटला.
एकेचाळीस वेळा दुरुस्त झाला.
खर्च सर्वांनी वाटून घेतला. वाद नाही.

वाद नाही?
मी याच बेटावरची.
आमच्याकडे फणसाच्या एका फांदीवरून
दोन घरं अकरा वर्षं बोलत नाहीत.

रात्री मूळ पान उघडलं. दोन हजार नऊशे सात.
"सर्व गांवकारांनी", आणि पुढे भोक.
वाळवी तिथून शिरलेली, आरपार,
पुढच्या आठ पानांना जेवून गेलेली.
त्या भोकातून यंत्रानं वाक्य ओढून नेलं होतं
सुईतून दोरा न्यावा तसं, सफाईनं.

विचारलं, इथे कुठे दिसलं तुला हे?
म्हणालं, दिसलं नाही.
आधीच्या पानांवरून अंदाज केला.
तसं सांगायला हवं होतं.

राग आला, पण पुरता येईना.
आमच्या घराण्याची वंशावळ अशीच कुणीतरी
याहून मोठ्या भोकांवरून नेलेली आहे,
आणि ती आम्ही काचेत लावली आहे.

म्हटलं, आता फक्त दिसतं तेवढंच दे.
भोकाला भोक म्हण.

चहाला उकळी येईस्तोवर यादी आली.
वाद सव्वीस. भोकं तीनशे नऊ.
आणि तळाशी, मी न विचारता:

शाबी नावाची मजूर,
कधी साबी, कधी चाबी, एकदा नुसतं शा,
सदतीस दुरुस्त्यांच्या हजेरीत आहे.
मजुरी पुरुषाच्या निम्मी.
पहिली नोंद १८७१. शेवटची १९५३.

ब्याऐंशी वर्षं डोक्यावर चिखल!
हसले मी. अरे, नातीला आजीचं नाव ठेवतात आमच्यात.
तिघी असतील. चौघी असतील.
म्हणालं, शक्य आहे.
या पानांत वय नाही, आईचं नाव नाही, घर नाही.
अंगठा आहे.

अंगठे मोठे करकरून पाहिले.
शाई पसरलेली, रेषा एकमेकींत गेलेल्या.
कुठला कुणाचा,
मला लागेना, त्यालाही लागेना.
दोघं तसेच बसलो, एक जण बसला म्हणायचं तर.

अहवाल दोन पानांचा झाला.
राखण कोणाची, कुठल्या ठरावानं, पान अमुक, ओळ अमुक.
वाद झालेले, मिटलेले, न मिटलेले.
कारापूरकर वाचत गेले, मान हलवत,
आणि शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं:
शाबी. किती जणी, माहीत नाही.

"हें कित्याक?"
राहू दे, म्हटलं.

बोट काही उचललं नाही त्यांनी.
मग मानशीकडे बघत,
"आमची एक मावशी होती. रात्री दारं ओढायला तीच जायची,
भरतीच्या वेळी. तिला सगळे शाबीच म्हणायचे.
नाव दुसरंच होतं तिचं."

काय होतं?

त्यांनी पुष्कळ आठवलं.
समोरून फेरी सुटली, भोंगा वाजला,
बांधावरचे बगळे उठले आणि परत तिथेच बसले.

यंत्राला हे मी अजून सांगितलेलं नाही.